केलॉगमधलं घर : सरकारने साफ केलेल्या जमिनीवर लेकराला खेळायला सोडाल का?

सायली_एस
नमस्कार मंडळी,
वर्षभर इथे नुसती वाचतेच आहे. धागा पहिल्यांदाच काढते आहे, कारण या विषयावर घरात आम्हा दोघांचं एकमत होत नाहीये.

आम्ही अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅनला राहतो. नवऱ्याला शेजारच्या आयडाहो राज्यात, केलॉग गावात नोकरी मिळाली आहे. इथून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. तिथे एक घर पाहिलं. मागे डोंगर, पुढे ऐसपैस अंगण, शाळा चालत जाण्याइतकी जवळ आणि किंमत आम्हाला झेपेल अशी. लेक पावणेदोन वर्षांची आहे. हाताला लागेल ते तोंडात घालायचं, त्यातही माती पहिली, असं सध्या चालू आहे.

घराच्या कागदांत एक पान होतं. अंगणातली वरची १२ इंच माती काढून नवी घातलेली आहे आणि त्याखाली खणायचं असेल तर आधी तिथल्या आरोग्य विभागाची परवानगी लागेल, असं त्यावर लिहिलेलं. विक्री करणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या अगदी सहज म्हणाल्या, "हे सगळं खोरं सुपरफंडमध्ये आहे, पण आता सगळं साफ झालंय." (सुपरफंड म्हणजे घातक कचऱ्याच्या जागा साफ करायची इथल्या केंद्र सरकारची योजना.)

घरी आल्यावर रात्रभर वाचत बसले. या गावात बंकर हिल नावाची शिसं-जस्ताची खाण आणि धातू गाळायच्या भट्ट्या होत्या. १९८१मध्ये कारखाना बंद पडला आणि १९८३मध्ये केंद्र सरकारने ही जागा देशातल्या सर्वांत घातक जागांच्या यादीत टाकली. ७ मैल लांब, ३ मैल रुंद असा २१ चौरस मैलांचा तुकडा, ज्याला सगळे 'बॉक्स' म्हणतात. केलॉग, स्मेल्टरव्हिल, पाइनहर्स्ट ही गावंच्या गावं त्या चौकटीत आहेत.

माझा प्रश्न एवढाच आहे. 'साफ झालं' म्हणजे काय झालं? विष नेलं कुठे? आणि तुम्ही असतात तर या अंगणात मूल सोडलं असतं का?

सडेतोड
नाही. विषय संपला. चार पैसे वाचतात म्हणून लेकराचा मेंदू पणाला लावायचा नसतो. स्पोकॅनहून रोज ये-जा करा.

भूगर्भ
सायली, मी नेव्हाडात खाणींच्याच क्षेत्रात आहे आणि त्या खोऱ्यात कामासाठी दोनदा राहिलो आहे. सडेतोड यांच्यासारखं एका शब्दात उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विष आलं कुठून ते. खाणीतून निघालेला दगड गिरणीत दळतात, धातूचा अंश काढून घेतात आणि उरलेला लगदा टाकून देतात. त्यातही शिसं, जस्त, कॅडमियम, आर्सेनिक शिल्लक राहतंच. त्या खोऱ्यात १९६८पर्यंत हा लगदा सरळ नदी-ओढ्यांत सोडत होते. असा जवळपास ६ कोटी २० लाख टन माल पाण्यात गेला. शिवाय तोच लगदा वाळवून लोकांनी रस्त्याखाली, रेल्वेच्या रुळांखाली, घरांच्या पायात भराव म्हणून वापरला. फुकट मिळत होता, घट्ट बसत होता. दुसरा रस्ता भट्टीच्या धुराचा. शिशाची भट्टी १९१७मध्ये सुरू झाली. धुरातली धूळ साठ-पासष्ट वर्षं गावावर बसत राहिली.

आता 'साफ' म्हणजे काय. ज्या अंगणात मातीच्या दहा लाख भागांत शिशाचे १००० भागांपेक्षा जास्त भरले, तिथली वरची १२ इंच माती उचलली. खालची मातीही तशीच निघाली तर तिच्यावर खूण म्हणून एक कापड अंथरलं आणि वर बाहेरून आणलेली चांगली माती घातली. तुम्ही कधी खणलंत आणि ते कापड दिसलं, तर तिथे थांबायचं. भाजीच्या वाफ्यांसाठी हीच खोली २४ इंच ठेवली आहे. पूर्ण खोऱ्यात ७००० हून अधिक जागा अशा केल्या आहेत.

उचललेली माती त्याच खोऱ्यात, वेगळ्या बांधलेल्या ढिगांत, वरून झाकून ठेवली आहे. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर : बरंचसं झाकलं, थोडं हलवलं, आणि सगळ्यावर कायमची राखण बसवली.

मीठभाकर
भूगर्भ, प्रतिसाद फारच आवडला. एक शंका. ७००० अंगणं खणायची, तर सगळीच माती का नाही उचलली? अर्धवट काम वाटतं.

भूगर्भ
@मीठभाकर, काही ठिकाणी गाळ कित्येक फूट खोल आहे आणि नदीकाठी मैलोन्‌मैल पसरलेला आहे. खाली वाहत जाऊन कोर डलेन तलावाच्या तळाशीच साडेसात कोटी टन गाळ बसला आहे. तो उपसायला घेतला तर तळाला शांत पडलेलं शिसं पुन्हा पाण्यात मिसळेल. एवढा माल ट्रकने हलवायचा तर दुसऱ्या कुठल्या तरी गावाशेजारी ओतावा लागेल. ते गाव कुठलं, हे कोण ठरवणार?

अण्णा_स्पोकॅन
सायली बाळा, मी १९७९ साली या भागात आलो, आता निवृत्त आहे. तुला मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

त्या काळी हायवेवरून केलॉगच्या आसपासचे डोंगर दिसायचे ते उघडेबोडके. गवताची काडी नाही. भट्टीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूने झाडं जळून गेली होती आणि उरलेल्या मातीची पावसाने धूप झाली होती. दोन उंच धुराडी आभाळात गेलेली, एक ७१५ फूट आणि दुसरं ६१० फूट. १९७७मध्ये बांधली, धूर दूर जावा म्हणून. धूर दूर गेला, पण जमिनीतलं शिसं काही कमी झालं नाही. १९९६च्या मे महिन्यात ती धुराडी सुरुंग लावून पाडली, तेव्हा बघायला सगळं खोरं लोटलं होतं. माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा ढसाढसा रडला. त्याचं सगळं आयुष्य त्या भट्टीत गेलं होतं.

आज त्याच डोंगरांवर पाइनची हिरवी झाडी आहे. लाखो रोपं हातांनी लावली माणसांनी. हा बदल मी पाहिला आहे, म्हणून "काहीच झालं नाही" असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं.

आणि सडेतोड, तुमची काळजी समजते, पण तिथे हजारो माणसं राहतात. १९८१मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा दोनेक हजार लोकांचं काम गेलं. घर विकावं तर घेणारा नाही आणि सोडून जावं तर जवळ पैसा नाही. तीच माणसं आज तुझी शेजारी असतील, सायली. त्यांनी त्याच मातीत मुलं वाढवली आहेत.

सडेतोड
अण्णा, त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, सायलीपुढे आहे.

डॉ_वर्षा
मी शिकागोत बालरोगतज्ज्ञ आहे. शिसं हा आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय, म्हणून लिहिते.

आधी केलॉगमध्ये काय झालं ते, कारण आमच्या अभ्यासात हे गाव येतंच. सप्टेंबर १९७३मध्ये भट्टीच्या बॅगहाऊसला आग लागली. बॅगहाऊस म्हणजे धुरातली धूळ अडवणाऱ्या मोठमोठ्या कापडी पिशव्यांची इमारत. तिचा मोठा भाग जळाला, पण शिशाचा भाव चढा होता, त्यामुळे पुढचे कितीतरी महिने अपुऱ्या गाळणीवर भट्टी चालूच ठेवली. १९७४मध्ये मुलांचं रक्त तपासलं. भट्टीपासून मैलभराच्या आत राहणाऱ्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या रक्तात शिसं ४० मायक्रोग्रॅमच्या वर होतं (एक डेसिलीटर रक्तात, पुढेही हेच माप). एका तान्ह्या मुलीत ते १६४ भरलं. आज आम्ही ३.५ आकडा पाहिला तरी घरी फोन करतो.

काळजीची ही मर्यादा कशी उतरत आली तेही बघा. सत्तरच्या सुरुवातीला ४०, मग ३०, २५, १९९१मध्ये १०, २०१२मध्ये ५ आणि २०२१पासून ३.५. शिशाची 'सुरक्षित' अशी पातळी आजवर सापडलेली नाही. ते शरीरात शिरताना कॅल्शियमचं सोंग घेतं आणि हाडांत जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा दहावा हिस्सा रक्तात जातो. लहान मुलात निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. उपाशीपोटी आणि अंगात लोह कमी असताना आणखी जास्त.

म्हणून सायली, मुलीचं लोह तपासून घे. नाचणी, दूध, अंडं, डाळी, हिरव्या भाज्या नियमित दे. शिसं अडवणारं हे औषध नव्हे, पण भरलेल्या पोटाची मदत होतेच.

आता आकड्यांची चांगली बाजू. अंगणं साफ झाली, दरवर्षी घरोघरी जाऊन तपासण्या झाल्या आणि त्या खोऱ्यातल्या मुलांच्या रक्तातलं शिसं खूप खाली आलं. शिसंमिश्रित पेट्रोल आणि रंग देशभर बंद झाले, त्याचाही यात वाटा आहे. तरी मातीचं काम झालं नसतं तर हे घडलं नसतं, याबद्दल मला शंका नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७५मध्ये त्या भट्टीत काम करणाऱ्या बायकांना सांगितलं गेलं की मूल होऊ शकत नाही याचा दाखला आणा, नाहीतर भट्टीतली जागा सोडा. पगार टिकावा म्हणून काहींनी शस्त्रक्रिया करून घेतली. हवा स्वच्छ करायची सोडून बायकांची शरीरं बदलायला लावली. मी हे शिकत असताना वाचलं, तेव्हापासून विसरलेले नाही.

चैत्रपालवी
बाप रे. शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.

नंदा_तुमसर
मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्या तालुक्यात इंग्रजांच्या काळापासून मँगनीजच्या खाणी आहेत. शाळा सुटली की आम्ही पोरं टाकाऊ मालाच्या काळ्या ढिगाऱ्यांवर घसरगुंडी खेळायचो. घरी गेल्यावर आई फ्रॉक झटकायची आणि पाणी काळं होईपर्यंत पाय धुवायला लावायची. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तिला फक्त काळे पाय घरात नको होते. आज डॉक्टरांचं वाचून वाटतंय, त्या एका सवयीने आमचं किती वाचवलं असेल. ती माती कुणी कधी तपासली असेल का, हा प्रश्न आज पहिल्यांदाच पडला.

डॉ_वर्षा
नंदाताई, तुमच्या आईला माझा नमस्कार. केलॉगच्या आरोग्य विभागाचं मुख्य सांगणंही तेच आहे : जेवणापूर्वी हात धुवा, जोडे दाराबाहेर काढा, घर ओल्या फडक्याने पुसा. चपला बाहेर काढायचं आपल्या मंडळींना वेगळं शिकवावं लागणार नाही, इथे आपण शंभर टक्के पास!

केपेकर
मी गोव्याचा. आमच्याकडे लोहखनिज, त्यामुळे शिशाची भट्टी वगैरे नाही, पण वाचताना पावलोपावली आमचाच गाव दिसत होता. सांगे, केपे, डिचोलीत डोंगर कापून टाकाऊ मातीचे ढीग रचलेले आहेत. पावसाळ्यात ती लाल माती ओढ्यातून शेतात उतरते, त्या कुणग्यात मग भात धड येत नाही. २०१२मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीज रद्द केल्या. एवढी वर्षं चर्चा झाली ती एकाच गोष्टीची, खाण परत कधी चालू होणार. ढीग कोण आवरणार, यावर सभेत कुणी उठून बोललं तर त्याला खाली बसवतात, कारण समोरच्या ट्रकवाल्याचं पोट त्या खाणीवर आहे. मी उठून बोललेलो आहे, म्हणून सांगतो.

तुमच्या केलॉगमध्ये अंगणं साफ करायला पैसा कुणी दिला, ते सांगा. आम्हाला तेच शिकायचं आहे.

भूगर्भ
@केपेकर, खरी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत १९८०मध्ये सुपरफंडचा कायदा आला. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनाल वस्तीखाली पुरलेला रासायनिक कचरा घरांच्या तळघरांत पाझरला, त्यातून हा कायदा जन्मला. ज्याने घाण केली त्याने निस्तरायची, आणि तो सापडला नाही किंवा बुडाला तर सरकारी निधीतून काम करायचं. त्या निधीसाठी तेल आणि रसायन कंपन्यांवर कर होता. १९९५च्या शेवटी त्याची मुदत संपली आणि पंचवीसेक वर्षं तो बंदच राहिला. रसायनांवरचा कर २०२१च्या कायद्याने आणि तेलावरचा २०२२च्या कायद्याने पुन्हा आणला.

बंकर हिलची मालकी १९६८पासून गल्फ रिसोर्सेस या कंपनीकडे होती. ती १९९३मध्ये दिवाळखोरीत गेली आणि मुख्य जागा साफ करायचा बराचसा बोजा जनतेवर पडला. खोऱ्यातल्या बाकी कंपन्यांवर सरकारने आणि कोर डलेन आदिवासी जमातीने खटले भरले. जमातीचा दावा १९९१चा, केंद्र सरकारच्याही आधीचा. तलाव आणि नदी त्यांच्या पूर्वजांची. २००९मध्ये असार्को कंपनीच्या दिवाळखोरीतून देशभरातल्या जागांसाठी १७९ कोटी डॉलर मिळाले, त्यांतला मोठा वाटा या खोऱ्याला आला. २०११मध्ये हेक्ला कंपनीने २६ कोटी ३४ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. एका दाव्याला वीस वर्षं!

आणि एक हिशेब जो वाचून माझी झोप उडाली होती. आगीनंतर भट्टी चालू ठेवायची की नाही हे ठरवताना गल्फ कंपनीच्या आतल्या टिपणात आकडेमोड केलेली सापडली : ५०० मुलांना बाधा झाली तर भरपाई किती पडेल? ६० ते ७० लाख डॉलर. हा कागद पुढे कोर्टात आला.

पाटीवरची_अक्षरं
भूगर्भ, "भट्टी" शब्द सगळे वापरत आहेत, पण भट्टी म्हटलं की मला विटांची किंवा चुन्याची आठवते. कोशात धातू गाळण्याच्या क्रियेला 'प्रगलन' आहे. 'प्रगलनशाळा' कसा वाटतो?

नंदा_तुमसर
आमच्याकडे भट्टीच म्हणतात हो. प्रगलनशाळेत पोरांना दाखल करायला लोक रांग लावतील.

सायकलवेडी
मी सिअ‍ॅटलहून. थोडं अवांतर, पण सायलीला उपयोगी पडेल. त्या खोऱ्यातून जाणारी 'ट्रेल ऑफ द कोर डलेन्स' ही सायकलवाट आम्ही दोघांनी तीन दिवसांत केली. ७३ मैल, अख्खी डांबरी, नदी आणि तळ्यांच्या कडेकडेने. एवढी सुंदर वाट मी दुसरी पाहिली नाही. सकाळी धुक्यात एक मूस (इथलं दांडगं हरीण) पाण्यात उभा होता, आम्ही पंधरा मिनिटं श्वास रोखून बघत होतो.

मग थांब्यावरची पाटी वाचली. ही वाट जुन्या रेल्वेमार्गावर आहे. रुळांखाली खाणीचा माल भरलेला आणि वाघिणींतून खनिज सांडलेलं, त्यामुळे ती पट्टी दूषित होती. ती उपसण्याऐवजी वर डांबराचं झाकण घातलं, आणि ते झाकण म्हणजेच ही सायकलवाट! वाट सोडून बाजूच्या मातीत बसायचं नाही, ठरलेल्या जागीच खायचं, आधी हात धुवायचे, असं जागोजागी लिहिलेलं आहे. आम्ही पाळलं. डबाही तिथल्या बाकावरच उघडला, धपाटे आणि लसणाची चटणी.

खालच्या अंगाच्या दलदलीत हंस दिसले होते, पांढरेशुभ्र, उत्तरेकडे निघालेले. नंतर समजलं की दरवर्षी त्यातले काही तिथेच मरतात. पाणवनस्पतींची मुळं उपसून खाताना पोटात गाळ जातो आणि गाळात शिसं. ते कळल्यापासून मी आमच्या सहलीचे फोटो उघडले की आधी हंसांचे बघते.

चैत्रपालवी
म्हणजे गावातलं अंगण साफ आहे, पण नदीकाठ नाही?

भूगर्भ
बरोब्बर. सायली, हे लिहून ठेव. गावातल्या अंगणांचं काम बहुतेक पुरं झालं आहे. नदीच्या खालच्या भागातले काठ, वाळूचे पट्टे आणि दलदली यांचं काम अजून कित्येक दशकं चालेल. पूर आला की गाळ पुन्हा वर येतो. उन्हाळ्यात नदीवर न्यायची असेल तर मुलीला काठच्या मातीत खेळू देऊ नकोस.

आणि खाणीतून येणाऱ्या पाण्याचं तर काम संपणारच नाही. दगडातल्या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवत बोगद्यातून बाहेर वाहतं. केलॉगला १९७४मध्ये बांधलेला शुद्धीकरण प्रकल्प आहे, अलीकडेच मोठा करून नवा केला. पाण्यात चुना घालतात, धातू खाली बसतात, स्वच्छ पाणी नदीत सोडतात. हे रात्रंदिवस, बारा महिने. माणसं बदलतील, सरकारं बदलतील, चुना मात्र रोज घालावा लागेल. आता तीच खाण नव्या कंपनीने पुन्हा सुरू करायला घेतली आहे.

मीठभाकर
वातावरण थोडं हलकं करतो. ही खाण सापडली कशी माहीत आहे का? १८८५मध्ये नोआ केलॉग नावाच्या माणसाचं गाढव सुटून डोंगरात गेलं. शोधत गेला तर गाढव चकाकणाऱ्या दगडाकडे टक लावून उभं. तो दगड म्हणजे शिशाचं खनिज. पुढे गाढवाचे मालक कोर्टात गेले, की आमच्या गाढवाने शोध लावला, आम्हाला वाटा हवा. न्यायाधीशांनी दिला! गावाचं नाव मात्र गाढवाला सोडून माणसाचं ठेवलं.

अण्णा_स्पोकॅन
गावात ती गोष्ट लहान पोरसुद्धा सांगतं. त्या खोऱ्याने १२० कोटी औंसांहून जास्त चांदी दिली, त्याची सुरुवात ही अशी.

पण त्या चांदीची किंमतही सांगतो. केलॉगच्या वरच्या अंगाला हायवेशेजारी खाणकामगाराचा पुतळा आहे. २ मे १९७२ला सनशाइन खाणीत आग लागली आणि ९१ माणसं आतच गुदमरली. आठवडाभराने दोघं जिवंत सापडले. पुतळ्याशी दरवर्षी लोक जमतात, मी पण जातो. सायली, तू तिथे राहायला गेलीस तर लेकीला एकदा ने.

सडेतोड
एवढं सगळं वाचूनही माझं मत बदललेलं नाही, पण ते थोडं नीट मांडतो. माझे वडील बॅटरीच्या कारखान्यात होते. कपडे घरी आणून आई धुवायची. माझ्या धाकट्या भावाला शाळेत अक्षरं लागायची नाहीत, रोज मार खायचा. डॉक्टरांनी कित्येक वर्षांनी शिशाचं नाव घेतलं, तेव्हा तो तिशीत होता. रक्तातल्या शिशामुळेच झालं का, हे आता कुणी सिद्ध करू शकणार नाही. म्हणून मी "विषय संपला" असं लिहिलं. सायली, रागावू नकोस.

सायली_एस
सडेतोड दादा, रागावण्याचा प्रश्नच नाही. तुमचा हा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. दोघं बराच वेळ गप्प बसलो होतो.

डॉ_वर्षा
सडेतोड, लिहिलंत हे फार बरं केलंत. ते लपलेलं राहतं म्हणूनच पुढच्या मुलांपर्यंत पोचतं.

सगळ्यांसाठीच एक : केलॉगपासून हजार मैलांवर राहणाऱ्या आपल्या घरांतही शिसं येतं. देशातून आणलेलं सुटं कुंकू किंवा शेंदूर, काजळ, पितळेची कल्हई, रंग घातलेली हळद. माझ्याकडे आलेल्या भारतीय मुलांत आकडा वाढलेला दिसला की मी आधी देवघराची आणि मसाल्याच्या डब्याची चौकशी करते, मग अंगणाची.

निवृत्त_पर्यावरण
केपेकरांच्या प्रश्नाशी जोडून आपल्याकडचं सांगतो. या विषयात नोकरी करून निवृत्त झालो आहे.

भोपाळची दुर्घटना डिसेंबर १९८४ची. त्या कारखान्याच्या आवारातला ३३७ टन कचरा हलवून पीथमपूरला जाळायला २०२५ साल उजाडलं. चाळीस वर्षं! आणि आवारातली माती व भूजल यांचा प्रश्न त्या ३३७ टनांत धरलेलाच नाही. दूषित जागा कशा शोधायच्या, कुणी तपासायच्या, खर्च कुणावर टाकायचा, यासाठी केंद्राने २०२५च्या जुलैमध्ये पहिल्यांदा स्वतंत्र नियम काढले. आनंदाने वाचायला घेतले तर खाणकामातून झालेलं प्रदूषण त्यातून वगळलेलं! खाणींना खाणींचा कायदा आहे, असा त्यामागचा विचार. त्या कायद्यात खाण बंद करण्याचा आराखडा आणि ठेव असते हे खरं, पण कायदा येण्याआधी सोडून दिलेल्या जुन्या खाणीच्या शेजारी जो राहतो त्याने कुठल्या दाराशी जायचं?

केलॉगमध्ये अंगणाच्या कागदावर एक पान जोडलेलं आहे आणि सायलीने ते वाचून प्रश्न विचारला. मला तर त्या पानाचाच हेवा वाटला. नंदाताईंच्या ढिगाऱ्याला असं पान कधी मिळेल?

केपेकर
साहेब, हे पान आमच्या पंचायतीत वाचून दाखवतो. मनापासून आभार.

सायली_एस
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. तुमच्या प्रतिसादांची यादी करून एकेक काम केलं.

आरोग्य विभागाच्या कार्यालयात गेले. पत्ता सांगितला, दहा मिनिटांत त्या अंगणाची फाइल हातात. कुठे किती खोल माती काढली, कुठल्या कोपऱ्यात आकडा किती होता, खालचं खुणेचं कापड कुठवर आहे, सगळ्याचा नकाशा. तिथल्या बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मला सुचल्याच नव्हत्या. एक, घर १९७८च्या आधीचं असल्याने आतल्या जुन्या रंगातच शिसं असण्याची शक्यता दाट. दोन, माळ्यावरची धूळ. भट्टीच्या काळची धूळ माळ्यावर तशीच पडून असते, छताचं काम काढलं की खाली येते. अंगणाचाच विचार करत होते मी, आणि डोक्यावरचं विसरले होते! धूळ ओढणारा खास झाडू-पंप ते घरी न्यायला देतात. दर उन्हाळ्यात मुलांचं रक्त फुकट तपासतात आणि वर मुलाला खाऊला पैसे देतात.

लेकीचं रक्त आत्ताच तपासून घेतलं, म्हणजे तुलनेला आकडा हाताशी राहील. १ पेक्षा कमी आलं. लोह जरा कमी आहे, नाचणी सुरू केली.

निर्णय असा : घर विकत घेत नाही. अजून नाही. गावातलंच एक नवं बांधलेलं घर वर्षभर भाड्याने घेतोय, माळाही नवा आणि रंगही नवा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा रक्त तपासू आणि मग ठरवू. अण्णा, एप्रिलमध्ये आलो की तुमच्याकडे चहाला येतो. २ मेला तुमच्याबरोबर पुतळ्यापाशी येऊ.

आता खूप महत्त्वाचा प्रश्न. मला मेथी आणि कोथिंबीर लावायची आहे. जमिनीत न लावता लाकडी चौकटीत लावली तर चालेल ना?

सडेतोड
भाड्याने हा मधला रस्ता मला सुचला नव्हता. बरं केलंस.

भूगर्भ
चालेल. चौकट हातभर तरी उंच कर, तळाला कापड घाल आणि लाकूड नवं घे, जुन्या रेल्वेचे स्लीपर अजिबात नको. माती गावातून कुणी फुकट देतो म्हणाला तरी घ्यायची नाही. विकत घे आणि कुठून आली ते विचारून घे. पालेभाजी तीन पाण्यांनी धू, कारण शिसं मुळातून जितकं येतं त्याहून जास्त पानावर बसलेल्या धुळीतून येतं.

अण्णा_स्पोकॅन
आणि मेथी मेच्या शेवटी पेर, त्याआधी तिथे दहिवर पडतं. बी माझ्याकडे आहे, येताना घेऊन जा.